चढत्या भावातली हार्डडिस्क

लग्नाचा अल्बम न्यायला आमच्याकडे माणसं अंगाची हळद उतरायच्या आत येतात, पण व्हिडिओ न्यायला कुणी येत नाही. परभणीत वीस वर्षं लग्नांचं शूटिंग करतोय आणि हा अनुभव जिंतूरच्या मास्तरांपासून पेडगावच्या शेतकऱ्यांपर्यंत सारखाच आहे. हातात पेन ड्राइव्ह दिला तरी परत टेबलावर ठेवतात. "राहू द्या तुमच्यापाशीच. आमच्या घरी पोरं कुठं टाकतेल, काय नेम न्हाई." मग चार-पाच वर्षांनी फोन येतो, "आमचं लगीन हाय ना वो अजून?" मी "आहे, आहे" म्हणतो आणि माणूस निर्धास्त होतो. असे अर्ध्या जिल्ह्याचे संसार माझ्या लोखंडी कपाटात हार्डडिस्कवर नांदतायत. त्यातले काही बाहेर केव्हाच मोडले, कपाटात मात्र टिकून आहेत.

दिवाळीनंतर त्यातली सगळ्यात जुनी हार्डडिस्क जोडली की टक् टक् करायला लागली. शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात, माझी हार्डडिस्कमध्ये चुकचुकत होती. तिच्यातली लोकांची लग्नं मी आधीच दुसरीकडे घेऊन ठेवली होती. उरलं होतं एकच, पेडगावचं, आमच्या भावकीतलं, आणि तेही कच्चं शूटिंग, एवढं मोठं की दुसरीकडे मावेना. व्हिडिओ तयार झाला की कच्चा माल आम्ही पुसून टाकतो. हा ठेवला, कारण त्यात माझे वडील आहेत.

आप्पांचा आवाज असलेली जगात तेवढीच एक वस्तू. मोबाइल समोर धरला की ते फोटोला बसल्यासारखे गप्प व्हायचे. त्या लग्नात मात्र ते नेमके नवरी हार घालायला हात उचलते तेव्हाच कॅमेऱ्यापुढे येऊन उभे राहिले आणि काहीतरी बोलायला लागले. आदल्या रात्री गावात लाईट नव्हती, माझ्या बॅटऱ्या पुरत्या चार्ज झाल्या नव्हत्या. ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर परभणीला जाऊन नवी बॅटरी घेऊन आले होते. बँजो इतका दणदणत होता की मला शब्द ऐकू येईना. मी बॅटरी हिसकावून घेतली आणि हातानंच 'बाजूला व्हा' केलं. शॉट वाया गेला म्हणून आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. पुढे तो तुकडा कापला, त्याच्या जागी गाणं टाकलं आणि विसरून गेलो. तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले, तेव्हा आठवलं; शेकडो तुकड्यांत तो शोधायचा मात्र राहूनच गेला.

टकटक ऐकवायला मी हार्डडिस्क माझ्या नेहमीच्या दुकानदाराकडे नेली. त्यानं ती जोडून कानाला लावली. "हिला आता सारखी सारखी जोडू नका. नवी घ्या, आन् एकाच दमात सगळं उतरवून घ्या. दुसरा दम हिच्यात हाय का न्हाई, सांगता येत न्हाई."

"नवी केवढ्याला?"

त्यानं सांगितलेला भाव ऐकून मी खुर्चीत बसलो. मागच्या सीझनला तेवढ्यात दोन आल्या असत्या.

"ते एआयवाले जगातला माल उचलायलेत," तो म्हणाला. "आपल्या परभणीला राह्यलेलं साह्यलेलं."

आता आमच्या घरात भावाचा एकच कायदा, आप्पांनी केलेला: थांबायचं. विकायचं असलं तर थांब, चढंल. घ्यायचं असलं तर थांब, उतरंल. या कायद्यापायी आमचा कापूस होळीपर्यंत घरात पडून राहायचा आणि आम्ही भावंडं अंग खाजवत अभ्यास करायचो. आप्पांनी आयुष्यात कधी दुकानदारानं सांगितला तो भाव दिला नाही. चप्पल घेतानासुद्धा तीनदा दुकानाबाहेर पडून तीनदा आत यायचे. मीही त्यांचाच मुलगा. म्हटलं, उतरंल.

उतरला तर नाहीच. दर सोमवारी मी दुकानात डोकवायचो आणि दर सोमवारी दुकानदार माझ्याकडे बघून हसायचा. "चढलाय," एवढंच म्हणायचा. चौथ्या सोमवारी तर मी विचारायच्या आतच त्यानं बोट वर केलं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "आता एवढा चढलाय म्हणल्यावर पडणारच."

ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडंल की. तवर ती कपाटातली बंद पडंल. आप्पांचा कायदा पाळता पाळता आप्पाच जातेल, मग बसा भाव बघत."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. न राहवून मी जुनी हार्डडिस्क कंप्युटरला जोडून पाहिली. दिसेना. काढली, पुन्हा जोडली. दिसेना. तिसऱ्या वेळी टक् टक् करून दिसली. ती काढून रुमालात गुंडाळली आणि तशीच शर्टाच्या खिशात घालून दुकान गाठलं.

"एकच पीस राह्यलाय," दुकानदार म्हणाला. सवयीनं तोंड उघडलं होतं मी. काऊंटरवर कोपर टेकवून 'थोडं बघा की' म्हणायची आमची घराण्याची तऱ्हाही जमून आली होती. पण खिशातली वस्तू छातीला लागत होती. पैसे दिले आणि निघालो. दुकानदार दारापर्यंत आला, "तब्येत बरी हाय ना भाऊ?"

दुपारभर माल उतरत राहिला. मी पंखा बंद करून बसलो, वाऱ्यानं काही बिघडणार नव्हतं तरी. बायको दोनदा चहा ठेवून गेली. उतरवून झाल्यावर आम्ही दोघं मिळून एकेक तुकडा उघडून पाहायला लागलो. पंगत, बँजो, रुसलेला मामा. मग नवरीनं हात उचलला आणि सगळा पडदा आप्पांच्या पांढऱ्या टोपीनं भरला. बँजोवर मात करायला त्यांनी तोंड कॅमेऱ्याच्या माईकजवळ आणलं होतं. मला तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं, माईकनं मात्र सगळं ऐकलं होतं.

"ही घे बॅटरी. मापाची हाय का बग. भाव न्हाई केला, म्हणंल तेवढे दिले. घासाघीस करत बसलो आसतो तर तुजं काम आडलं आसतं."

मग माझा हात पडद्यावर आला आणि त्यांना बाजूला सारून गेला.

मी तो तुकडा पुन्हा लावला नाही. लावायची हिंमत झाली नाही. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "नवी कितीला दिली हो त्यानं?"

"म्हणंल तेवढ्याला," मी म्हणालो.