अकरा चेंडूंचं सोवळं

अख्ख्या म्हैसूरात सूर्यप्रकाशाशी उघड वैर धरलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! नोकरीसाठी पुण्याहून इथे आलो आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर भर दुपारी सगळे पडदे ओढलेले. मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे. मामा हळूच म्हणाले, "सुम्मने, उगी बसा हं जावईबापू. त्यांना ऊन सोसत नाही." 'ते' म्हणजे काचेच्या कपाटातले अकरा बेसबॉल. जुने, पिवळट, आणि प्रत्येकावर कुणा अमेरिकन खेळाडूची सही.

हूटगळ्ळीच्या कारखान्यात मामा फोरमन होते. तिथे यंत्रं बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर जाताना त्यांना पहिला चेंडू देऊन गेला. मग पत्रं सुरू झाली. इकडून शिसवी हत्ती जायचा, तिकडून चेंडू यायचा. चेंडूंचं सोवळं कडक होतं. हात धुवायचे, घड्याळ काढायचं, धुतलेल्या पंच्यानेच उचलायचं. पावसाळ्यात कपाटाला दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंड्या ठेवायचे, आणि त्यासाठी वरुणा गावाहून आलेलं तांदळाचं पोतं परस्पर उसवायचे. मामी म्हणायच्या, "मत्ते, मग काय, आमच्यात आधी चेंडू जेवतात."

गंमत म्हणजे मामांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पाहायचाही नव्हता. त्या अर्धवट अंधारात आरामखुर्चीत डोळे मिटून ते सामना सांगत. संध्याकाळ आहे, मैदानापलीकडे नदी आहे, फटका बसलाय, हजारो माणसं माना वर करून बघताहेत. ऐकता ऐकता माझेही डोळे जड व्हायचे. एकदा मी विचारलं, "मग मामा, चेंडू पडला कुठे?" डोळे न उघडता म्हणाले, "अजून वर आहे."

या सुखाला धक्का बसला तो आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवशी. त्या दिवशी म्हैसूरात कुंकवातून काही सुटत नाही. बसगाड्या, करवती, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा होते. मामींनीही स्कूटरला, मिक्सरला, शिवणाच्या मशीनला गंधकुंकू लावलं. तेवढ्यात त्यांना कपाट उघडं दिसलं. मामा आंघोळीला गेले होते. मामींनी भक्तिभावाने पहिल्या चेंडूवर, बरोबर सहीच्या मधोमध, ओल्या गंधाचं आणि कुंकवाचं बोट टेकवलं.

मामांनी ते पाहिलं आणि होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, ताट तसंच सोडून उठले. मामी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "सगळ्यांच्या आयुधाला लावलं, तुमचं तेवढं ठेवू का? तुमचं दुसरं आयुध कुठलं, सांगा बघू!" चार दिवस मामा मामींशी बोलले नाहीत, आणि तो चेंडू कपाटात मागच्या बाजूला गेला.

पुढचा दसरा मामींनी पाहिला नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मामांनी सामने सांगणं बंद केलं. मला त्या घरात जायचीच भीती वाटू लागली होती.

डागाचं मामांनी त्या रागातच अमेरिकेला कळवलं होतं. गेल्या महिन्यात त्या इंजिनिअरच्या मुलाचं उत्तर आलं. त्याच्या ओळखीत असे डाग काढणारा मोठा जाणकार होता. चेंडू पाठवा, लाल डाग पार निघेल, सही पूर्वीसारखी दिसेल. मामांनी खोकं बांधलं, वर तीनदा दोरी आवळली आणि माझ्या हातात दिलं. मी पोस्टात न्यायला निघालो. स्कूटर सुरू करतो तोच मामा अनवाणी फाटकाशी आले. "बेडा, जावईबापू. नको. आणा इकडे."

आम्ही आत आलो. दोरी सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी तोडली. हात धुतले नाहीत, पंचाही घेतला नाही. चेंडू नुसत्याच हातांनी बाहेर काढला. मग तो कपाटात सगळ्यांच्या पुढे ठेवला, लाल बोट समोर येईल असा. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, सही स्वच्छ झाली असती."

"अशा सह्या त्याने शेकड्याने केल्या असतील हो," मामा म्हणाले. "हिने एकदाच केली."

खिडकीतून उन्हाची एक तिरीप कपाटापर्यंत आली होती. मामा लगबगीने उठले आणि पडदा नीट ओढून त्याला पिन लावली. म्हणाले, "शाईचं काही नाही. कुंकू लवकर उडतं."