सपाट रेषेचा खुलासा

चादरीची एक घडी झाली होती, दुसरं टोक भावजींच्या हातात होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "वहिनी, आज अकराला चौकशी. नोकरी राहते की जाते ते कळेल." चादर तशीच खाटेवर पडली.

माझे हे धाकटे दीर बावीस वर्षं बस चालवतात. शाळा आठवीत सुटली, पण गाडी इतकी वेळेवर नेतात की सगळी इमारत त्यांना 'घड्याळ' म्हणते. सोमवारी बाजाराच्या थांब्यावर एक म्हातारी उतरताना पडली, मनगट मोडलं. चालत्या गाडीतून उतरावं लागलं, अशी तिची तक्रार. गाडीतल्या यंत्राचा आलेख देऊन डेपोतल्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला होता. भावजींनी तो परस्पर दिलाही.

आज त्याची प्रत, आलेखासकट, पुतणीच्या हाती पडली. ती अकरावीला आहे. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हे काय लिहिलंत? 'रेष सपाट आहे तिथे रस्ता सपाट असून गाडी एकसारखी चालत होती'?"

"मग? त्याआधी चढ आहे, तिथे रेष चढलीय बघ. तुडवलेला रस्ता आहे माझा!"

"पुलानंतर उतार आहे ना? तिथे रेष उतरलीय?"

भावजींनी चष्मा लावला. "नाही. उलट जास्तच चढलीय."

"कारण तिथे गाडी वेगात गेली. उतरली असती तर तुम्ही प्रवाशांसकट डेपोकडे मागे मागे गेला असता! अहो, हे रस्त्याचं चित्र नाही. आडवा वेळ, उभं डेपोपासूनचं अंतर. वेळ सरकतोय, अंतर वाढत नाहीये, म्हणजे गाडी उभी होती. अख्खं मिनिटभर. आजी पडल्या त्याच मिनिटात."

भावजींनी त्या सपाट रेषेवर बोट ठेवलं. "म्हणजे गाडी चालू होती, हे मीच सही करून दिलं?"

त्यांनी तिथेच बसून दुसरा खुलासा लिहिला. ते गेल्यावर मी देवासमोर बसले खरी, पण नामस्मरणात तीनदा चुकले. लक्ष सगळं दाराकडे.

साडेबाराला आले ते घामाघूम. साहेब म्हणाले होते, "आलेख मलाही वाचता येतो हो, पण सही तुमची आहे. नवा खुलासा घेईन, वाहकाची साक्ष जोडून आणा. पाचच्या आत."

त्या वाहकाशी भावजींचा दोन वर्षं अबोला. कशावरून, तर घंटी उशिरा मारतो म्हणून.

"दोन घास खाऊन तरी जा," मी म्हटलं.

"आल्यावर, वहिनी."

चपला पायात सरकवून भावजी वाहकाच्या घरी सही आणायला गेले.