डोह राखणाऱ्या चेअरमन मावशी

"आदी इचारावं," असं म्हणून त्या समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घेत आणि मगच त्याला बोलू देत. मग ती माशांची पाटी असो, सोसायटीच्या वहीवरचा पेन असो, नाहीतर माझा चहाचा कप. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीच्या त्या चेअरमन. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणायचो.

नवरा धरणात बुडून गेला आणि त्याच्या जागी त्या सभासद झाल्या. पुढं चेअरमनकीवरून दोन गटांत जुंपली. कुणालाच दुसऱ्याचा माणूस नको होता, म्हणून दोघांनी मिळून मावशींना खुर्चीवर बसवलं. बाईमाणूस, सांगू तिथं सही करील, असं त्यांना वाटलं. मावशी सही हळू करत आणि त्याआधी सगळा कागद मोठ्यानं वाचून घेत. वाचणाऱ्याचा घसा सुकायचा.

"हे कावून लिवलंय?"

"ते तसंच असतंय, मावशी."

"आसतंय म्हंजे? कुनी ठरवलं?"

मी तेव्हा नगरपालिकेच्या जॅकवेलवर, म्हणजे धरणाचं पाणी उपसायच्या विहिरीवर, पंप चालवायचो. गावाला पाणी धरणातून जायचं. माझी पंपाची खोली आणि सोसायटीचं पत्र्याचं शेड यांच्यामध्ये एक बाभूळ, बस. अशा आडबाजूला तुम्ही नोकरी केली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, शेजारी बोलणारं माणूस असलं की दिवस कसा निघतो. दुपारी मावशी मिश्री लावत यायच्या आणि आज किती तास पंप चालला ते विचारायच्या. जणू मी त्यांच्या घरच्या रांजणातलं पाणी उपसून नेतोय.

मग सलग दोन वर्षं पाऊस नावालाच झाला. पाणी काठ सोडून मागं गेलं. काठाच्या चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. थर्माकोलचे तराफे शेडला टेकवून उभे राहिले. आमची जॅकवेल कोरडी पडली आणि गावाला टँकर सुरू झाले. एवढ्या मोठ्या धरणात उरला तो जुन्या नदीच्या पात्रातला एक डोह. सगळी मोठी मासळी त्यात येऊन साठली होती. काठावर उभं राहिलं तरी पाठी दिसायच्या.

सोसायटीची सभा बाभळीखालीच झाली, म्हणून मी ऐकली. लोकांना ती मासळी धरून विकायची होती. घराघरात उपासमार होती, त्यांचंही चूक नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "ही अंड्यावरची मासळी हाय. पाऊस आला का वर नदीत चढंल, अंडी सोडंल. आज खाल्ली तर उद्या धरन भरूनबी आपल्याला काय? नुसतं पानी बगत बसायचं?"

लोकांनी बरीच हुज्जत घातली. शेवटी डोहात कुणी जाळं टाकायचं नाही असं ठरलं. त्या दिवसापासून मावशी छत्री घेऊन डोहावर बसायला लागल्या.

एकदा पहाटे त्यांच्या धाकट्या दिरानंच जाळं टाकलं. मावशींनी ते विळ्यानं मधोमध कापलं. "घरी कालपासून चूल न्हाई पेटली, वयनी," एवढंच तो म्हणाला.  दुपारी मावशी आपल्या वाटणीच्या भाकरी त्याच्या घरी ठेवून आल्या, हे मला त्यानंच नंतर सांगितलं. सांगताना रडला. त्यानंतर चार महिने डोहात कुणी हात घातला नाही.

टँकर पुरेना तेव्हा नगरपालिकेनं पोकलेन लावून डोहापर्यंत चर खणला आणि पंप तिथं बसवला. मावशी माझ्याकडं आल्या.

"भाऊ, गावाला पानी लागतंय ते मला कळतंय. पर कमरंएवढं ऱ्हाऊ द्या. आन त्याच्या खाली न्यायची पाळी आली तर आदल्या दिशी मला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

वीसेक दिवसांनी सरकारी दवाखान्यातलं पाणी संपलं. बाळंतिणींच्या खोलीत हात धुवायला पाणी नव्हतं. रात्री मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला, पंप आणखी खाली सोडा, आत्ता सोडा. मावशींचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. त्या नको म्हणतील, रडतील, मग माझा हात चालणार नाही, अशी मला भीती वाटली. मी पंप खाली सोडला आणि आत जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत डोहात नुसता गाळ उरला. मासळी त्यात तडफडत होती. बातमी गेली तशी माणसं पाट्या, घमेली, लुगडी घेऊन धावली. पण उन्हापुढं किती हात पुरणार? दुपारनंतर वास सुटला. मावशी काठावर बसून होत्या. त्यांनी एकाही माशाला हात लावला नाही. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"दवाखान्यात पानी पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"पोचलं."

"मग बरं झालं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्या न्हाई म्हनले नसते, भाऊ. येक दिस मिळाला आसता तर पाटलाच्या हिरीत थोडी जित्ती नेऊन सोडली आसती. हीर बघून ठेवलती म्या."



लोकांनी राग मावशींवर काढला. चार महिने आम्हाला उपाशी ठेवलं आणि शेवटी घारींना जेवण घातलं, असं त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी राजीनामा दिला. या वेळी कागद वाचून घेतला नाही, कागदावर बोट ठेवून सहीची जागा विचारली आणि सही केली. सोसायटीची निम्मी माणसं ऊसतोडीला गेली. मावशी युसूफ वडगावला लेकीकडं गेल्या.

पुढच्या वर्षी धरण भरलं. मी मावशींना भेटायला दोनदा निघालो आणि दोनदा स्टँडवरून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो. मावशी बाजारात गोणपाटावर सुकट-बोंबील विकत बसल्या होत्या. समुद्राची मासळी. गोड्या पाण्यावर जन्म काढलेली बाई.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"माशांची बोटुकली पिल्लं सोडली का धरनात?" त्यांनी मधेच विचारलं.

"सोडली. कटला सोडलाय."

"नुस्ता कटला? रोहूबी सोडायला पायजे व्हता." मग त्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. मी बराच वेळ बाजूला उभा राहिलो. निघताना त्यांनी कागदात मूठभर सुकट बांधून माझ्या हातात दिली आणि पुन्हा खाली बघून बोंबील निवडू लागल्या.

एसटीत वास पसरला. शेजारचा माणूस उठून पुढं गेला. कंडक्टर म्हणाला, "ते टपावर टाका की हो."

मी पुडी मांडीवर धरून बसलो.