मोजणी बरोबर होती

मधमाश्यांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. नाव पडले ते चेष्टेत. बावीस वर्षांत मात्र ते मानाचे झाले होते. स्पिरिटच्या कुपीतून आलेल्या तीस माश्यांची पोटे कापायची, खलात पाणी घालून ती एकत्र वाटायची, त्या गढूळ पाण्याचा थेंब रेघा आखलेल्या काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनागणिक बीजाणू मोजायचे, असे तिचे काम. हे बीजाणू एका परजीवीचे असतात, तांदळाच्या कण्यांसारखे, पण चकचकीत. हा परजीवी माशीच्या मधल्या आतड्यात वाढतो आणि आतड्याचे अस्तर पोखरतो. माशी खात राहते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. तिची मोजणी दुसऱ्याने पडताळून पाहण्याची पद्धत कधीच बंद पडली होती, कारण ती चुकत नसे.

अहवालाच्या छापील फॉर्मवर ‘रोगकारक’ या शब्दापुढे एकच रकाना होता. जणू एका माशीला एका वेळी एकच दुखणे होण्याची परवानगी आहे.

तिची थोरली नणंद शहराबाहेरच्या फळबागेत सव्वीस पेट्या पाळी. नवरा गेल्यावर तिने दुसरे काही मागितले नाही, बागेच्या कडेची ती जागा तेवढी ठेवली. गेल्या वर्षी पेट्या रोडावू लागल्या. पहिल्या अहवालात बीजाणू मध्यम निघाले, औषध दिले गेले. दुसऱ्या अहवालात बीजाणू कमी झाले. माश्या मात्र मरतच राहिल्या. रोग औषधाने आटोक्यात आल्यावरही माश्या मरतात, तेव्हा दोष पाळणाऱ्याचाच, असा सरळ हिशेब तपासनिसाने मांडला आणि दोन्ही अहवालांवर ‘निगा अपुरी’ असा शेरा मारला. एका वर्षात असे तीन शेरे पडले की पाळण्याची परवानगी जाते आणि पेट्या उचलल्या जातात. तिसऱ्या नमुन्याची कुपी मोजणीबाईच्या टेबलावर येऊन पडली होती.

त्याच दिवशी सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, नणंद घरी आली. झाकणाला भोके पाडलेला पत्र्याचा डबा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळला. आत गुणगुण चालू होती.

“वन्सं, अहो, हे घरात कशाला?”

“तुझ्याकडे मेलेल्याच येतात ना? म्हटलं, एकदा जिवंत दाखवाव्यात. वीस पेटीसमोरच्या गवतात सरपटत होत्या, त्या या कप्प्यात. वीस आतल्या, धडधाकट, त्या पलीकडे.”

“नियमाप्रमाणे नमुना स्पिरिटमध्येच—”

“नियम! अगं, निगा नाही म्हणे माझी. सासरी सोळा माणसांचं केलं मी, कोणी उपाशी उठलं नाही ताटावरून. आणि हे परवाचं पोरगं मला निगा शिकवतंय! आणि खाली सही कोणाची? आमच्याच घरातली.”

“मी शेरा मारत नाही, वन्सं. मी फक्त मोजते.”

“हो, तेच. फक्त मोजतेस.” ती भावाकडे वळली. “आणि तू? त्या पेपराआड किती वेळ बसणार आहेस?”

“मला मधलं काही कळत नाही, ताई,” पेपर म्हणाला.

“तुला कधी काय कळलंय!”

‘फक्त मोजतेस’ हे शब्द आणि तो पत्र्याचा डबा घेऊनच मोजणीबाई प्रयोगशाळेत पोचली. त्या रागाच्या भरात तिने बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. माश्या एकत्र वाटल्या नाहीत. एकेक माशी घेतली, शेपटाकडचे टोक चिमट्यात धरून हलकेच ओढले, की सगळे आतडे अखंड बाहेर येते. ते तसेच ताजे, स्पिरिटचा थेंबही न लावता, काचेखाली ठेवले.

मधल्या आतड्यात बीजाणू होते, ओळखीचे. मागच्या आतड्याच्या भिंतीला मात्र दुसरेच काही लगडले होते. बारीक, शेपटीवाले, वळवळणारे जीव. गवत वाऱ्यावर हलावे तशी ती भिंत हलत होती. तिने भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग त्याच माश्यांपैकी एकीचे तसलेच आतडे स्पिरिटमध्ये बुडवून पाहिले. जीव मेले, आक्रसले, गोळे झाले आणि पोटातल्या इतर कचऱ्यात असे मिसळले की त्यांना ओळखणे कोणाच्याही बापाला जमले नसते.

स्पिरिटचा नियम मूर्खपणाचा नव्हता. पूर्वी टपालाने येणाऱ्या माश्या वाटेतच कुजत, म्हणून कोणा शहाण्याने तो केला होता. बीजाणूंचे कवच टणक, ते स्पिरिटमध्ये शाबूत राहतात. जे स्पिरिटमध्ये टिकते तेच प्रयोगशाळेला दिसले, जे दिसले त्याचाच रकाना छापला गेला आणि ज्याचा रकाना नव्हता ते जगातच नाही असे ठरले. बावीस वर्षे अचूक मोजणारी बाई या ठरावावर बावीस वर्षे सही करत आली होती.

दुपारपर्यंत तिने चाळीसही माश्या पाहिल्या. सरपटणाऱ्या विसांपैकी सतरा जणींत दोन्ही परजीवी होते. धडधाकट विसांपैकी तिघींत. एकेकटा परजीवी दोन्ही कप्प्यांत होता, धडधाकटांतही. एक काय करतो आणि दुसरा काय करतो हे वेगवेगळे पाहून दोघे मिळून काय करतात याचा अंदाज बांधता येत नाही. दोन भांडखोर भाडेकरूंनी एकमेकांची खोड मोडावी, तसेही कुठे घडत असेल; इथे मात्र दोघांनी मिळून घर पाडले होते. आणि औषध एकट्याच्याच दारावर गेले होते.

तिने साहेबांना बोलावले. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून आधी काही सांगितले नाही. साहेबांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

“हलतंय,” ते म्हणाले.

“हो. जिवंत आहे म्हणून.”

“इंटरेस्टिंग आहे. पण बाई, वीस-वीस माश्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“तीस माश्या खलात वाटून काढतोच की आपण, साहेब. त्यातल्या कोणत्या माशीत काय होतं, हे तर देवालाही सांगता येणार नाही.”

“ती मान्य पद्धत आहे. आणि हा नमुना तुमच्या नणंदेनं आणलाय. उद्या कोणी विचारलं तर?”

“तर त्यांनाही या काचेतून बघू द्या. नातं दिसतंय का सांगा म्हणावं.”

साहेब हसले. या हसण्याने तिच्या नाकाला जेवढ्या मिरच्या झोंबल्या तेवढ्या नकाराने झोंबल्या नसत्या. “पद्धत बदलायचा प्रस्ताव द्या. समिती बसेल. तोवर या कुपीचा अहवाल नेहमीसारखा जाऊ द्या.”

समिती बसेपर्यंत पेट्या उठणार होत्या.

तिने कुपीतल्या माश्या वाटल्या, मोजल्या आणि अहवाल लिहिला: बीजाणू अल्प. मोजणी बरोबर होती. मग तिने नियमपुस्तिका काढली. एका वर्षाच्या आत मोजणाऱ्याला स्वतःचा अहवाल मागे घेता येतो, त्यावरचा शेराही त्यासोबत रद्द होतो. मात्र कारण एकच चालते, ‘मोजणीतील चूक’. पद्धतीतील चूक या कारणाची सोय पुस्तिकेत नव्हती. पद्धत चुकत नसते. माणसे चुकतात.

कधीही न चुकलेल्या बाईने दोन अर्ज लिहिले. दोन्हींत तिने आपण चुकल्याचे लिहिले. पेन इतके दाबून, की खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरे उमटली. साहेबांनी अर्ज वाचले.

“हे खोटं आहे, बाई. तुम्ही चुकत नाही.”

“मग खरं लिहू? रकाना दाखवा.”

साहेबांनी अर्जांवर शिक्का मारला. पहिले दोन शेरे गळाले, नव्या अहवालावर तपासनिसाने मारलेला तिसरा शेरा पहिला ठरला, पेट्या बागेतच राहिल्या. आठवड्याने तिच्या टेबलावर ज्ञापन आले. त्यात तिच्या कामाबद्दल ‘निष्काळजीपणा’ असा शब्द होता आणि तो सेवापुस्तकात नोंदला गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्या कार्यालयाने या वेळी फाशीचा दोर तिच्याच हातून वळून घेतला होता.

सुट्टीच्या दिवशी ती बागेत गेली. सव्विसांपैकी चौदा पेट्या चालू होत्या. नणंद काळे पडलेले पोळे चौकटींतून खरवडून काढत होती. ज्ञापन तिने हात पुसून वाचले, दोनदा वाचले.

“म्हणजे आता तुझीही निगा अपुरी.”

“हो.”

“मोजता येत नाही तुला, असं लिहून दिलंस? स्वतःच्या हातानं?”

“दोनदा.”

“वेडी आहेस,” नणंद म्हणाली आणि बराच वेळ खरवडत राहिली. मग रिकाम्या बारा पेट्यांकडे तिने हत्यार रोखले. “यांचं काय लिहिलंस?”

“त्यांना रकाना नाही, वन्सं.”

नणंद उठली. पेटीसमोर गवतात वाकून तिने सरपटणाऱ्या माश्या एकेक करून डब्यात घेतल्या, झाकण लावले आणि डबा भावजयीच्या छातीशी ढकलला.

“घे. आजच्या आहेत. मरायच्या आत बघ.”

मोजणीबाई चहासाठीही थांबली नाही. सुट्टी होती, पण प्रयोगशाळेची किल्ली तिच्या पर्समध्ये होती.