नवसागराची पुडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझं एरवी काही नाही, चोरून ओढलेल्या विड्यासुद्धा तिला ठाऊक आहेत. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं तर मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

अंबरनाथच्या एका शाळेत मी सायन्स शिकवायचो. उल्हासनगरच्या कॅम्पांत निर्वासित येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. शाळेत बी.एस्सी. झालेला मी एकटाच, त्यामुळे डोक्यात बरीच हवा. नोकरी मात्र कच्ची होती. हेडमास्तर पाठ बघणार, त्यांना पसंत पडला तर मला कायम करणार, असं ठरलेलं. घरी आई रोज विचारायची, झालास का रे कायम? मी म्हणायचो, होईन.

पाठ होता उष्णता आणि रासायनिक क्रिया. वर्ग आठवीचा. निम्म्या पोरांचे बाप काडीपेटीच्या कारखान्यात, म्हणून मी काडी ओढूनच सुरुवात केली. या गुलात ऊर्जा निजलेली आहे, म्हटलं, घासलं की ती उठते, तिचा उजेड होतो, ऊब होते. नवी कुठून येत नाही, असलेली नाहीशी होत नाही, फक्त रूप पालटते. मग दसऱ्याच्या आधी शाळेला सफेदी करायला आणलेली चुनकळी घमेल्यात घेतली, वर पाणी ओतलं. फसफसून उकळायला लागली. पोरं बाकांवर चढली, मागे बसलेले हेडमास्तरही मान लांब करून बघत होते. मला काय वाटत होतं म्हणून सांगू? त्या भरात मी बोलून गेलो — कोणताही पदार्थ पाण्यात टाका, उष्णता बाहेरच पडणार. लिहून घ्या.

चूक होती. मला ठाऊक होती. काही पदार्थ विरघळताना उलट पाण्यातलीच उष्णता ओढून घेतात, हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. पण जीभ घसरली. घसरते हो, कुणाचीही घसरते. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

मंजुळा उभी राहिली. शिवराम कल्हईवाल्याची मुलगी. शिवराम सायकलवरून कॅम्प दोनच्या बाजारात जायचा, सिंधी बायकांच्या पितळी भांड्यांना कल्हई लावायचा. त्याच्या घरात शाळेची पायरी चढलेलं हे पहिलंच पोर. त्याच्या भावांनी किती कटकट केली, पोरीला शिकवून काय करणार म्हणून. पण गडी ठाम होता, तिला मॅट्रिक करीन म्हणायचा. मंजुळेला नर्स व्हायचं होतं. तसं तिनं निबंधात लिहिलं होतं, मीच वाचला होता.

ती म्हणाली, "सर, नवसागरानं पाणी गार पडतं. बाबा उन्हाळ्यात ताकाचं भांडं त्यात ठेवतात."

कल्हई लावताना तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतात आणि भसकन धूर होतो, तो नवसागर. पोरगी जन्मापासून ती पूड हाताळत होती.

शाबास म्हणायला किती वेळ लागतो? शाबास, मंजुळा, माझं चुकलं — झालं! वर्ग हसला असता, कदाचित हेडमास्तरही खूश झाले असते. पण माझी पाचावर धारण बसलेली. मी म्हटलं, भास आहे तो तुझा, बस खाली. ती बसली नाही. भास नाही सर, म्हणाली. हेडमास्तर मागून म्हणाले, मग उद्या करूनच दाखवा सगळ्यांना, मीही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कागदाची पुडी माझ्या हातात दिली. घरून आणलेली, नीट कुटलेली, वर दोरा गुंडाळलेला. मधल्या सुट्टीत मी प्रयोगाच्या खोलीचं दार लावून घेतलं, अर्धी पुडी पाण्यात टाकली, थर्मामीटर बुडवला. पारा तिसावरून अठरावर आला. ग्लासाला बाहेरून घाम फुटला. मी हात लावला, आणि खरं सांगतो, क्षणभर आनंदच झाला. किती सुंदर दिसतं ते! इतका सोपा प्रयोग, आणि मी तो कधी हातानं केलाच नव्हता.

आणि मग — हे सांगायलाच एवढं फिरून आलो — मी कपाटातली मिठाची बरणी काढली. साधं खायचं मीठ. उरलेला नवसागर मोरीत ओतला आणि पुडीत मीठ कुटून भरलं. वर दोरा होता तसाच गुंडाळला.

वर्गात सगळ्यांसमोर पुडी सोडली, ग्लासात रिकामी केली, ढवळलं. मिठानं पारा जेमतेम हलतो, बाकावरून दिसत नाही. हेडमास्तर जवळ येऊन वाकून बघून गेले. मी मंजुळेला पुढे बोलावलं, ग्लासाला हात लावायला सांगितलं. हे सुचलं कसं मला? तिनं हात लावला. मग पुडीच्या कागदाला चिकटलेली पूड बोटावर घेऊन जिभेला लावली, आणि माझ्याकडे बघितलं.

"हे माझं नव्हे, सर," ती म्हणाली.

हेडमास्तर भडकले. मास्तरांवर आळ घेतेस? बापाला घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसायचं नाही. मी ग्लास उचलून बाजूला ठेवला. हातात अजून काचेची कांडी होती.

शिवराम दुसऱ्या दिवशी काम सोडून आला. बोटं काळी, नखं जळलेली. हेडमास्तरांनी त्याला सगळं सांगितलं, वर म्हणाले, मुलीला खोटं बोलायची सवय लागली आहे. मला वाटलं, आता हा सगळं बाहेर काढणार. नवसागराबद्दल याला कोण शिकवणार? त्याची अर्धी हयात त्या धुरात गेलेली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हात जोडले आणि म्हणाला, चुकलं तिचं. मंजुळेलाही 'माझं चुकलं' म्हणून पाया पडायला लावलं — आधी हेडमास्तरांच्या, मग माझ्या. मी पाय मागे घेतले नाहीत.

फाटकाशी तो थांबला. मंजुळेला पुढे पाठवलं आणि माझ्याजवळ आला. आवाज चढलेला नव्हता.

"मास्तर, आज तिला मी खोटं बोलायला लावलं, तुमच्यासाठी. आता तिला उद्या शाळेत काय म्हणून पाठवू?"

मी मागे वळून बघितलं. बोलायचं होतं का? होतं. चार पावलांवर हेडमास्तरांची खोली होती. शिवराम सायकल हातात धरून निघाला, मंजुळा शेजारून चालत गेली. ती परत शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. महिन्याभरात मी कायम झालो, आईनं पेढे वाटले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं शिकवलं, वाईट शिकवलं नाही. दर वर्षी आठवीला नवसागराचा प्रयोग करायचो, अगदी न चुकता. ग्लास हातोहात फिरायचा, पोरं गालाला लावायची, हरखून जायची. लोक म्हणायचे, सर फार हौशीनं शिकवतात. एकदा एका मुलीनं विचारलं, सर, हे तुम्हाला कुणी दाखवलं? मंजुळेचं नाव ओठांवर आलं होतं.

मी म्हणालो, कॉलेजात, आमच्या प्रोफेसरांनी.