आईने उकडलेले वाल

आमच्या बेटावरच्या प्लेझाँसच्या विमानतळावर मला पोचवायला बस भरून माणसं आली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. रोझ बेल या आमच्या गावातून शिष्यवृत्तीवर लंडनला निघालेली पहिलीच मुलगी मी, त्यामुळे ढोलकीसुद्धा आली होती. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी साखरेचं शिकायला चाललीय." त्यांचं सगळं आयुष्य उसात गेलेलं; मी परत येऊन कारखान्यात साहेबीण होणार, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. आई रडत रडत आमच्या मराठी-क्रेओल मिसळलेल्या बोलीत एकच घोकत होती, "लेत लिव गो बाय, पा ब्लिये." पत्र लिही, विसरू नको.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारखंच उठून निघालेल्या तुम्हा सगळ्यांना आज सांगते, ती साखर चहातली नव्हती. शरीरातल्या पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक धागे असतात आणि पेशी आजारी पडली की ते बदलतात. बदललेले धागे ओळखून त्यांनाच चिकटणारं काही सापडलं, तर औषध थेट तिथे पोचवता येईल, असं आमच्या प्रयोगशाळेचं स्वप्न होतं. असं चिकटणारं प्रथिन कडधान्यांत असतं हे ऐकून मी माझ्या मार्गदर्शक बाईंना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या परसातले वाल मागवते. बाई म्हणाल्या, मागव; उन्हाळ्यापर्यंत काही दिसलं तर शिष्यवृत्ती तीन वर्षं वाढेल, नाहीतर घरचं तिकीट.

वाल आले, छान सोललेले. मी ते दळले, अर्क काढला, रक्ताच्या पेशींवर घातला. प्रथिन चिकटलं असतं तर पेशींच्या गुठळ्या झाल्या असत्या. आठवडाभर काही म्हणजे काही झालं नाही. मी अगदी रडकुंडीला आले.

शेवटी गावातल्या दुकानात फोन करून आईला बोलावून घेतलं.

"आये, वालांना काय केलंस?"

"काय करनार? भिजवले, सोलले, उकडले, उनात सुकवले. तू तिथं कवा सोलत बसशील? आनि कच्चे आंताक खाल्ले तर पोट बिघडतं, ठावं नाय?"

आंताक म्हणजे आमच्या क्रेओलमधले वाल. मी हसतच सुटले. कच्च्या वालाने पोट बिघडतं ते याच प्रथिनामुळे. ते आतड्यातल्या पेशींवरच्या साखरेला चिकटतं आणि नीट उकडलं की निकामी होतं. मी पुस्तकांतून शिकत होते ते आई चुलीपाशी कधीपासून करत आली होती.

"मग कच्चे धाड, अर्धा किलो."

"ह्ये जमलं तर तू परत येशील?"

"नाही आये. जमलं तर आणखी तीन वर्षं इथेच."

मग ती म्हणाली, "बरं. धाडते."

कच्च्या वालांनी पेशींच्या सुरेख गुठळ्या केल्या आणि बाईंनी मला मिठी मारली. आता ऐंशीचं दशकही सरत आलंय. औषध अजून झालेलं नाही, पण होईल. लंडनच्या थंडीला मी आता हक्काने शिव्या घालते, म्हणजे हेही माझंच गाव झालं. तरी घर कुठे म्हणून कुणी विचारलं, की मला ते दुसरं पार्सल आठवतं. मी अर्धा किलो मागितले होते. आईने चार किलो पाठवले होते, एकेक दाणा निवडून. ते पोचले तर मी परतणार नाही, हे ठाऊक असूनही कमी पडू नयेत म्हणून जिने इतके बांधून दिले, ती आहे तिथे माझं घर आहे.