चौकटीतला लाडू

पेपरातल्या त्या चित्रमालिकेतलं कुटुंब वीस वर्षं आमच्याबरोबर सकाळचा चहा घेतंय. ना त्यांचा मुलगा मोठा झाला, ना बाबांचं पोट सुटलं. आज बाबांनी मुलाला ‘गोड खाल्लं की दात किडतात’ असं सुनावलं आणि शेवटच्या चौकटीत स्वतःच डब्यातला लाडू गुपचूप तोंडात टाकला.

“ढोंगी मेला!” मी म्हटलं.

“ढोंगी कसला? पोराचे दात वाचवले त्याने,” सासूबाईंनी त्याची बाजू घेतली.

“चोरी ती चोरीच,” ह्यांनी निकाल दिला.

कागदावरच्या माणसांच्या मनातलं आपल्याला किती चटकन कळतं! घरातल्यांचंच कळत नाही.

दुपारी मी लाडवांचा डबा उघडला. काल काठोकाठ भरलेल्या डब्याचा आज तळ दिसत होता. माझ्या दातांची कुणीतरी फारच काळजी घेतली होती.